नेसणार कोण?

गिऱ्हाईक दारातून परत पाठवून दुकान चालवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतोय की तक्रारीने, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात गेली बावीस वर्षं मार्केटिंग शिकवतो. गिऱ्हाईक दुकानात कसं आणावं, आलं की कसं बसवावं, बसलं की एका वस्तूच्या जागी तीन वस्तू त्याच्या पिशवीत कशा घालाव्यात, यावर मी तासन्‌तास बोलू शकतो आणि परीक्षा जवळ आली की बोलतोही. इकडे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान लातूरला गोलाईच्या बाजारपेठेतल्या आपल्या साड्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसतात आणि मी शिकवलेलं सगळं नेमकं उलटं करतात. माझे निम्मे विद्यार्थी अजून नोकरी शोधत आहेत आणि यांचं दुकान चालू आहे, ही गोष्ट मी वर्गात सांगत नाही.

सगळं लातूर त्यांना अप्पा म्हणतं, म्हणून मीही अप्पाच म्हणतो. ते मला 'सर' म्हणतात, पण अशा काही सुरात म्हणतात की आपल्या शर्टाला खडू लागलाय की काय, असं मला वाटायला लागतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. बाई दुकानात आली, चप्पल काढून गादीवर टेकली, की आधी पाणी येतं, मग चहा येतो. इथवर सगळं माझ्या पुस्तकाप्रमाणे. मग बाई म्हणते, "साड्या दाखवा." आणि अप्पा चष्मा डोळ्यांवर चढवून विचारतात, "नेसणार कोण?"

हा प्रश्न परगावच्या माणसाला साधा वाटेल. पण आमच्याकडे साड्यांच्या मुळात दोन जाती आहेत. एक नेसायची साडी आणि एक देण्याघेण्याची साडी. ही दुसरी साडी नेसण्यासाठी जन्मालाच येत नाही. ती विकत घेताना घेणारीला ठाऊक असतं की ही कोणी नेसणार नाही. घेऊन येणारीला, देणारीला आणि हळदीकुंकू लावून ओटीत घेणारीलाही ते ठाऊक असतं. ती एका बारशातून एका लग्नात जाते, लग्नातून वास्तुशांतीत, तिथून डोहाळजेवणात, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यावर चार अक्षता पडतात. दुकानदारांचा अर्धा धंदा या साड्यांवर चालतो. अप्पा मात्र त्या विकायला बसत नाहीत. त्या दुकानात आहेत, नाहीत असं नाही, पण मागणाऱ्याला त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलं जात नाही.

एकदा माझ्यासमोर रेणापूरच्या एक बाई आल्या. घराची वास्तुशांत होती आणि त्यांना अकरा साड्या हव्या होत्या. अप्पांनी वही काढली. "कोन कोन हाय ते सांगा." बाई म्हणाल्या, "आता जावा हायेत, नणंदा हायेत, मावळणी हायेत." अप्पा म्हणाले, "तसं नगं. नावं सांगा. सावळी हाय का गोरी, ठेंगणी हाय का उंच, शेतात जाती का घरी असती." पहिल्या तीन नावांपर्यंत बाई उत्साहात होत्या. चौथीला म्हणाल्या, "ही नेसायची न्हाई, ठिवूनच देईल." पाचवी म्हणे पुढे ढकलणार. सहावीशी बोलणंच नव्हतं, पण द्यावं तर लागणार. अप्पांनी तीन साड्या बांधून दिल्या आणि वही मिटली. बाई चिडल्या. "अन् आठ बायांना काय देऊ मी?" अप्पा शांतपणे म्हणाले, "पोटभर जेवू घाला. वर एक-एक नारळ द्या. नारळ तरी फोडून खातेत." बाई तरातरा उठल्या आणि समोरच्या दुकानात गेल्या. आठ साड्यांचा गठ्ठा घेऊन त्या आमच्या समोरून मुद्दाम हळूहळू चालत गेल्या. अप्पा त्यांच्याकडे पाहून हसले आणि मला म्हणाले, "सर, तुमचं कॉलेज कसं चालायलंय?"

यापेक्षा मोठं वेड दोऱ्याचं. दुकानात आलेली प्रत्येक नवी साडी आधी घरी जाते. दुपारची जेवणं झाली की आमच्या अक्का, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, पडवीत गठ्ठा घेऊन बसतात आणि प्रत्येक साडीच्या पदराच्या टोकाला आणि आतल्या घडीला मिळून हळदीत रंगवलेल्या दोऱ्याचा एक टाका घालतात. साडी उलगडायची तर हा टाका तोडावाच लागतो. दोरा शाबूत म्हणजे साडी नेसलेली नाही, असा सरळ हिशेब. एकदा साडी विकली की अप्पा तिची वास्तपुस्त सोडत नाहीत. "दोरा तोडला का? घडी मोडली का?" हे ते भर बाजारात विचारतात, बसमध्ये विचारतात, दुसऱ्याच्या लग्नात पंगतीत वाकून विचारतात. एकदा एका वयस्कर शिक्षिकेला पाहायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. बाईंच्या हाताला सलाईन. अप्पांनी तब्येत विचारली, डॉक्टरांचं नाव विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "दसऱ्याला नेलेल्या साडीची घडी मोडली का?" बाई कशाबशा म्हणाल्या, "बरी झाले की मोडते." त्या बऱ्या झाल्या. अप्पा अजूनही त्याचं निम्मं श्रेय स्वतःकडे घेतात.

दिवाळीत गोलाईतल्या सगळ्या दुकानांवर 'एकावर एक मोफत'चे फलक लागतात. अप्पांनीही एका वर्षी रंगाऱ्याकडून फलक रंगवून घेतला: 'एकावर एक घेऊ नका. एकच घ्या आणि नेसा.' फलक वाचायला ही गर्दी झाली. लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले आणि खरेदीला समोरच्या दुकानात गेले. मग यांचं चालतं कसं, असं कोणी विचारेल. मीही कित्येक वर्षं तेच विचारत होतो. हळूहळू लक्षात आलं की ज्या बाईला स्वतःला नेसायला साडी हवी असते, ती दहा दुकानं टाळून इथेच येते. आणि एकदा आली की साडी जुनी झाली तरी येत राहते. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे रफूवाले चाचा बसतात. फाटलेली साडी रफू करून द्यायची, रफूच्या पलीकडे गेली तर तिचे परकर कसे निघतील ते सांगायचं, त्याच्याही पलीकडे गेली तर गोधडी शिवणारीचा पत्ता द्यायचा, हे सगळं तिथेच होतं. चाचा एकदा मला म्हणाले, "दुकान सेठ का, लेकिन धंदा मेरा चलता है, सरजी." अप्पांनी हे ऐकलं आणि त्यांना त्याचा आनंदच झाला.

मध्यंतरी आमच्या कॉलेजात एक चर्चासत्र झालं. विषय होता, शाश्वत उपभोग आणि उत्पादनात विपणनाची भूमिका. नाव एवढं जड होतं की प्राचार्यांनी ते उद्घाटनात दोनदा अर्धवट सोडलं. मला निबंध वाचायचा होता. मी दुसऱ्यांचे चार निबंध उघडले, त्यातून पाचवा तयार केला, आणि सहज म्हणून अप्पांना फोन लावला. म्हटलं, "अप्पा, माल कमी खपावा यासाठी मार्केटिंगने काय करावं, तुमचं मत सांगा." अप्पा म्हणाले, "इकताना थोडं कमी बोलावं, अन् इकल्यावर थोडं जास्त." मी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "एक साडी रंगवायला पानी किती लागतंय, हाय का म्हाईत? आमच्या गावानं पानी रेल्वेनं येताना बगितलंय सर. घागरी मोजून पिलाव आमी. अन् एवढं पानी पिऊन तयार झालेली साडी पेटीत मरून जाती. पाप न्हाई का ते?" चर्चासत्रात माझा निबंध कोणालाही आठवत नाही. त्यात घातलेली अप्पांची वाक्यं मात्र दोन वक्त्यांनी आपली म्हणून वापरली.

घरातही तोच कारभार. दुकानात गिऱ्हाइकांना पसरून दाखवायच्या म्हणून काही साड्यांचे दोरे दुकानातच तोडावे लागतात. वर्षभर दाखवून दाखवून त्यांचा घडीवरचा रंग उडतो, उन्हाकडची बाजू फिकी पडते. असली साडी कोण घेणार? आणि वाया तर काहीच जाऊ द्यायचं नाही. म्हणून ती घरी येते आणि अक्का नेसतात. माझी बायको म्हणते, "आमच्या अक्काच्या अंगावरची साडी बघून कळतं, गेल्या साली लातुरात काय खपलं न्हाई ते." या वाक्यावर आम्ही सगळे दरवेळी हसत आलो आहोत. अक्काही हसायच्या. त्या हसत हसत भिजवलेल्या कुरमुऱ्यांचा सुशीला बशीत घालून समोर ठेवायच्या आणि आम्ही त्यात शेंगदाणे शोधत बसायचो.

तर असे हे अप्पा. दुसऱ्याच्या कार्यात माणूस वाटेल तितका शहाणपणा करू शकतो. परीक्षा आली ती गौरीच्या लग्नात.

गौरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. बी.एड.ला असताना नांदेडकडच्या लोहा गावच्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा सरळ, शाळेत शिक्षक. दोन्ही घरांनी नाही-होय करत करत होकार दिला, साखरपुडा झाला, आणि मग लोह्याहून मानपानाची यादी आली. यादीत विशेष काही नव्हतं, एक ओळ सोडून. मानाच्या साड्या, एक्कावन्न.

अप्पांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "नेसणार कोण?"

आम्हाला वाटलं, सवयीने म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फॉर्मच छापून घेतला आणि एक्कावन्न प्रती लोह्याला पाठवल्या. नाव. सहावारी की नऊवारी. शेतात जाता, शाळेत, ऑफिसात की घरी असता. आवडता रंग. नावडता रंग. सुती चालेल का. इथवर ठीक होतं. शेवटचा प्रश्न होता: 'सध्या आपल्या पेटीत घडी न मोडलेल्या साड्या किती?'

या शेवटच्या प्रश्नाने लोह्यात भडका उडाला. त्या घरात नवरदेवाच्या आत्याचा शब्द चाले. तिच्याशिवाय तिथे पान हलत नसे. तिचा फोन अक्कांच्या मोबाइलवर आला आणि अक्कांनी घाबरून स्पीकर लावला. "आमच्या घरच्या बायांची जनगनना करायलाव का तुमी? आमच्या पेट्या मोजणारे तुमी कोन? एक्कावन्न साड्या रीतसर येनार असतील तर वऱ्हाड यील. न्हाईतर पोरीला ठिवा घरीच, अन् भरा तुमचे कागद!" फोन बंद झाला. पडवीत बसलेली गौरी उठून आत गेली.

त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. ती रडत होती. "काका, तुमी तरी सांगा की अप्पाला. एक्कावन्न द्या म्हनावं अन् मोकळे व्हा. दुकान घरचंच हाय. एका साडीपायी माझं लगीन मोडायलेत ते." मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो. अप्पा दुकानात होते, पण गादीवर आडवे. गिऱ्हाईक येत होतं आणि नेसणार कोण, असं त्याला कोणी विचारत नव्हतं. मला म्हणाले, "सर, तीस वर्सं झाली, बायांना नगं नगं म्हनत आलाव. लोकांच्या आहेरात नाक खुपसलं. आता माझ्याच पोरीच्या वक्ताला एक्कावन्नचा गठ्ठा बांधला, तर उद्या या गादीवर कोन्त्या तोंडानं बसू?" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "पर पोरगी कालपासून जेवली न्हाई." मी त्यांना इतक्या वर्षांत कधी असं पाहिलं नव्हतं. मार्केटिंगच्या कुठल्याच प्रकरणात अशा वेळी काय करावं ते दिलेलं नाही.

रविवारी मी आणि अप्पा माझ्या गाडीने लोह्याला निघालो. निघताना अक्कांनी माझ्या डिकीत एक मोठा गठ्ठा ठेवला. एक्कावन्न साड्या, प्रत्येकीला पिवळा दोरा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अडलंच तर देऊन टाका. त्यांना सांगू नका." अहमदपूरच्या पुढे गेल्यावर अप्पा म्हणाले, "गाडी मागून बसल्यासारखी वाटायली." मी त्यांना रस्त्यातले खड्डे दाखवले.

लोह्याला चहा झाला, पण चहात साखर कमी होती, म्हणजे राग कायम होता. आत्याबाई समोर खुर्चीवर. भोवती घरच्या सुना, जावा, शेजारणी, पंधरा-वीस बाया. अप्पांनी हात जोडून बोलायला तोंड उघडलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "तुमी बोलू नका. मान कशाला म्हंत्यात ते आधी बगा." आणि त्यांनी आतून लोखंडी पेटी ओढून आणायला लावली. झाकण उघडलं. काठोकाठ साड्या. "ही कंधारच्या इहीनबाईनं दिलेली. ही नांदेडच्या मामीची. ही बगा. असा मान असतो. घरोघरचा हाय." एकेक साडी त्या अप्पांच्या पुढ्यात टाकू लागल्या.

कंधारच्या साडीवर अप्पांचा चष्मा डोळ्यांवर चढला. मी घाबरलो. त्यांनी साडी उचलली, पदराचं टोक चाचपलं आणि पिवळा दोरा वर काढून दाखवला. "ही माझ्या दुकानची हाय."

"असंल," आत्याबाई म्हणाल्या. "कंधारच्या इहीनबाईनं घेतली असंल."

"न्हाई. ही रेणापूरच्या एका मास्तरीणबाईंनी नेल्ती. वांगी रंग, कुयरीचा काठ. 'खुद्द मी नेसणार' म्हनल्या होत्या मला." हे शेवटचं वाक्य अप्पा अशा दुखावलेल्या आवाजात बोलले की दोन सुनांनी पदर तोंडावर घेतला. एक सून म्हणाली, "इहीनबाईंची अहमदपूरची जाऊ मूळ रेणापूरचीच हाय की!" दुसरी म्हणाली, "अन् त्या जावेची बहीण मास्तरीण हाय." बायाबायांनी पाच मिनिटांत साडीचा सगळा प्रवास जुळवला. रेणापूर, तिथून अहमदपूर, तिथून कंधार, तिथून लोहा. चार घरं, तीन कार्यं. दोरा जसाच्या तसा.

आत्याबाईंना हे आवडलं नाही. त्यांनी पेटीत हात घालून एक हिरवी साडी जोरात बाहेर ओढली. "अन् ही? ही बी तुमचीच का? ही आमच्या शेवंतानं दिली मला, परवा, तिच्या वास्तूला. चांगली नवी..." आणि त्या थांबल्या. साडी त्यांनी डोळ्यांजवळ नेली. काठ पाहिला. घडीच्या आत बोट घालून हळदीकुंकवाचा एक जुना डाग शोधून काढला. "अगं बया," आत्याबाई म्हणाल्या. "ही तर मीच दिल्ती शेवंताला. तिच्या लेकीच्या बारशाला!"

मागून एक जाऊ हळूच म्हणाली, "वन्सं, अन् तुमाला तरी कोनी दिल्ती ती?"

आत्याबाई तिच्याकडे वळल्या. आता काय होतं, म्हणून मी गाडीची किल्ली खिशात चाचपली. आणि आत्याबाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून. सगळ्या बाया हसत सुटल्या. कोणी सांगत होतं की तिने एकाच साडीवर तीन बारशी उरकली, कोणी सांगत होतं की तिच्याकडची एक साडी दर दोन वर्षांनी माहेरी जाऊन येते. डोळे पुसत आत्याबाई म्हणाल्या, "कुटं हायत ते तुमचे कागद? आना इकडं."

निरोप गेले, यादीतल्या उरलेल्या बायाही येऊन बसल्या, आणि पुढचे दोन तास अप्पा सोडले तर आम्हा पुरुषांना तिथे काही काम नव्हतं. अप्पा मध्यभागी मांडी घालून बसले होते आणि भोवती रंगांचा कल्लोळ चालला होता. एकीला मोरपंखी हवी होती, पण काठ नको. एक म्हणाली, "मला साडीच नगं, दोन गाऊन द्या, घरात तेच लागतेत." एक कॉलेजातली मुलगी पंजाबी ड्रेसवर अडून बसली. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, साड्या लई हायत. पायात घालायला एक मऊ चप्पल घिऊन दे." अप्पांनी चपलेचं माप दोऱ्याने घेतलं. बाकी बायांनी 'पेटी भरलेली आहे, आम्हाला नको' असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. शेवटी एक्कावन्नच्या एकोणीस झाल्या. आत्याबाईंनी एकच अट घातली. "पर नारळ सगळ्यांच्या हातात पायजे." अप्पांचा चेहरा असा उजळला की त्यांना सगळं लोहा आपल्याच दुकानचं गिऱ्हाईक वाटत असावं. परतताना डिकीतला गठ्ठा जसाच्या तसा होता. लातूर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिला सांगा, कामाला आला न्हाई म्हनावं."

लग्न थाटात झालं. एकोणीसच्या एकोणीस बाया आपापली साडी नेसून आल्या होत्या. अप्पा मांडवात फिरत होते ते नवरीचे वडील म्हणून नव्हे. ते साड्या मोजत होते. एकेका बाईपुढे थांबायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. म्हातारी तर मऊ चप्पल घालून मांडवाला दोन फेऱ्या मारून आली. मी बायकोला म्हटलं, "पुढच्या वर्षी मी चर्चासत्रात या माणसालाच उभा करतो."

जेवणं झाल्यावर आत्याबाई आपली आमसुली साडी मिरवत अक्कांजवळ येऊन बसल्या. दोघी विहिणी. आम्हीही जवळच होतो. आत्याबाईंनी अक्कांच्या पदराला हात लावला आणि प्रेमानेच विचारलं, "तुमी कोन्ता रंग लिवला व्हता कागदावर?"

अक्कांच्या अंगावर केशरी साडी होती. चांगली होती. मांडवाच्या लाइटमध्ये तिच्या घड्यांच्या जागी फिके उभे-आडवे पट्टे स्पष्ट दिसत होते. अक्का हसल्या. "मला कुटं कागद आला? दुकानातली हाय ही, दाखवायची." मग हातातला रुमाल मांडीवर नीट करत म्हणाल्या, "रोज टाके घालते की मी. तोडला मातर एक बी न्हाई अजून."

त्या अगदी साधेपणाने बोलल्या. कोणाला टोमणा मारायचा त्यांचा विचारही नव्हता. माझी बायको, जी त्या साड्यांवर आयुष्यभर विनोद करत आली, ती एकदम उठून पानसुपारीचं ताट आणायला गेली. अप्पा पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बराच वेळ तिथेच उभे राहिले.

चार दिवसांनी त्यांचा मला फोन. "सर, घरच्या मानसाला रंग कसा इचारावा?" मी म्हटलं, "फॉर्म द्या की." ते म्हणाले, "दिला. 'सवडीनं भरते' म्हनली अन् देवापुढं ठिवला." असे तीन आठवडे गेले. मग एका दुपारी अक्का स्वतः गोलाईत दुकानात आल्या. ही गोष्ट मला रफूवाल्या चाचांनी सांगितली. चप्पल काढून त्या गादीवर गिऱ्हाइकाच्या बाजूला बसल्या. पाणी आलं, चहा आला. अप्पांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नेसणार कोण?"

अक्का म्हणाल्या, "मी."

त्यांनी लाल काठाची, निळ्या चिंतामणी रंगाची इरकल निवडली. त्यांना तो रंग लहानपणापासून आवडत होता म्हणे, त्यांच्या आईची तशी एक होती. हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. दाखवताना तोडलेला टाका अप्पांनी त्या साडीला पुन्हा स्वतःच्या हाताने घातला. वेडावाकडा, दोनदा गाठ मारलेला, आणि साडी घरी नेऊन त्यांच्या हातात दिली.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. साडी अक्कांच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. दोरा शाबूत आहे. पंचमी झाली, दोन दिवाळ्या झाल्या, गौरीला मुलगी झाली, तिचं बारसंसुद्धा झालं. दर कार्याच्या आधी अप्पा विचारतात, "मोडायची का घडी?" आणि अक्का म्हणतात, "मोडू की. घाई काय हाय?" एकदा मीही विचारलं. त्यांनी कपाट उघडलं, साडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मोडली की ती बी बाकीच्यांसारखीच होईल हो." आणि कपाट लावून घेतलं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडायला लावणाऱ्या माणसाच्या घरात आता न मोडलेल्या घडीची एक साडी आहे आणि ती सगळ्या लातूरला माहीत आहे. अप्पांना यावरून कोणी चिडवलं तर ते चिडत नाहीत. गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. एक बाई ओशाळून म्हणाली, "तुमच्याकडची साडी नेसले न्हाई अजून अप्पा, कपाटातच हाय." मी सावरून बसलो, आता हिची धडगत नाही म्हणून. अप्पांनी चष्मा चढवला, तिच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "नेसायची न्हाई म्हनून ठिवली, का आवडती म्हनून ठिवली?" बाई गोंधळली. म्हणाली, "आवडती म्हनून." अप्पा म्हणाले, "मग असू द्या," आणि तिच्यासाठी चहा सांगितला.